मुकादमाचा दगड

गाडी शिकवणाऱ्या मॅडमचा उजवा पाय घरीसुद्धा स्वस्थ बसत नसे. कुणाच्या हातातून भांडं निसटलं, जिन्यावरून एखादं मूल धावत खाली आलं, की तो पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि अर्धं आयुष्य मॅडमनी त्या ब्रेकवर काढलं होतं. समोरचा कधी चुकतो याची वाट बघत बसणं हाच त्यांचा धंदा. पण त्या ओरडत नसत. गाडी थांबवून, समोर रस्त्याकडे बघत म्हणायच्या, "हं, आता सांगा, काय झालं?" निम्म्या बायका या एका प्रश्नाच्या धाकानंच गाडी नीट चालवायला शिकल्या.

सगळ्यांची मॅडम असलेली ही बाई एकाच माणसासाठी पन्नाशी उलटल्यावरही चिमी होती. ते माणूस म्हणजे तिची ताई. ताई राहायला आली आणि घरातल्या मॅडम संपल्या, धाकटी बहीण तेवढी उरली. तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खाऱ्या पाण्याचा फिशटँक. साध्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं. हे प्रकरण वेगळं. बादलीत समुद्री मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, उडून गेलेलं पाणी रोज भरून काढायचं, पाणी कोमट ठेवणारा हीटर चालू आहे ना ते बघायचं. एवढी सरबराई कुणासाठी? तर अंगठ्याएवढ्या एका निळ्या माशासाठी. शेपूट पिवळी, डोळे कायम वटारलेले. समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांत राहणारी ही जात, एकदा जागा धरली की सोडत नाही. टँकमध्ये डाव्या अंगाला एक भोकाचा दगड होता, तो त्याचा. त्या दगडाजवळून गोगलगाय सरकली तरी हा तिला ढुशा देऊन पिटाळायचा. काच पुसायला धाकटीनं हात घातला की तिच्या बोटाला चावायचा. त्याचा हा आव बघून तिनं त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं.

"आज पुन्हा चावला हो," असं ती मासे विकणाऱ्या टँकवाल्याला सांगायची. वांड मुलाची तक्रार करताना आईचा चेहरा असतो, तसा तेव्हा तिचा चेहरा असायचा.

मुकादमाला जोडीदार आणावा असं तिच्या कधी मनात आलं नाही. तो एकटा होता, ती एकटी होती, आणि दोघांचंही छान चाललं होतं.

ताईचे यजमान गेले ते थंडीत. त्यानंतर ताई दिरांच्या घरात राहिली, म्हणजे ज्या घरात ती लग्न होऊन आली त्याच घरात राहिली, पण आता ते दिरांचं झालं होतं. जाऊबाईंचे गुडघे गेलेले. सकाळचं दूध तापवण्यापासून रात्रीची भांडी विसळण्यापर्यंत सगळं ताईकडे आलं होतं, आणि तरी "वहिनींना आम्ही सांभाळतो" असं बाहेर सांगितलं जायचं. एके दिवशी ताई एक बॅग घेऊन धाकटीकडे आली. "महिनाभर राहते," म्हणाली. महिना होऊन गेला तेव्हा दोघींपैकी कुणीच त्याचा विषय काढला नाही.

विषय काढला नाही म्हणजे सगळं सुरळीत होतं असं नव्हे. ताईनं आल्या आल्या स्वयंपाकघरातले डबे हलवले. साखर खाली, मसाले हाताशी, तेलाची बरणी खिडकीपासून लांब. दुसऱ्या दिवशी सगळे डबे जिथल्या तिथे परत गेले होते. ताईनं ते पुन्हा हलवले. ते पुन्हा परत गेले. चहा करताना ताई नुसती म्हणायची, "साखर आज कुठल्या गावाला गेलीय?" आणि धाकटी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायची, "वरच्या फळीवर. नेहमीच्या जागी."

अशातच एकदा ती टँकवाल्याकडे मीठ आणायला निघाली, तर ताई म्हणाली, "मीपण येते. घरात बसून भिंतींचा रंग पाठ झाला."

दुकानात ताई एका काचेपुढे थांबली ती हलेचना. आत नारिंगी रंगाचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला एक मासा इकडून तिकडे डुलत पोहत होता.

"हा बघ चिमे, कसा चाललाय. लग्नात जावई मिरवतो ना, तस्सा."

"चल, उशीर होतोय."

"मला हवाय हा," ताई म्हणाली.

धाकटीचा पाय दुकानाच्या फरशीवर दाबला गेला. मुकादमाच्या टँकमध्ये दुसरा मासा म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. पण यजमान गेल्यापासून ताईनं "मला हवंय" असं कशालाच म्हटलं नव्हतं. टँकवाला पिशवीत पाणी भरत म्हणाला, "मॅडम, तुमचा निळा जुना आहे. सोडायच्या आधी आतले दगड सगळे हलवा. जागा ओळखीची राहिली नाही की त्याची दादागिरी कमी होते. पण सगळे हलवा बरं का."

"कळलं," धाकटी म्हणाली.

घरी आल्यावर तिनं पिशवी टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली, मग त्यात थोडं थोडं टँकचं पाणी घालत राहिली. नव्याला एकदम नव्या पाण्यात ढकलायचं नसतं. मग बाही सरसावून हात आत घातला आणि दगड हलवले. उजवीकडचे डावीकडे, मागचे पुढे. मुकादम खवळून काचेवर आपटत होता. भोकाच्या दगडापाशी हात गेला आणि थांबला. सगळंच काढून घेतलं तर बिचारा जाईल कुठे, असं तिच्या मनात आलं. तिनं तो दगड होता तिथेच राहू दिला आणि ताईला म्हणाली, "सोड तुझ्या जावयाला."

जावई पिशवीतून बाहेर आला, दोनदा डुलला, आणि मुकादम बंदुकीच्या गोळीसारखा त्याच्यावर आला.

पुढचे दिवस त्या घरात कुणी मोकळा श्वास घेतला नाही. लाइट बंद ठेवून बघितला. अंधारात मुकादम गप्प बसायचा, लाइट लागला की हल्ला सुरू. ताईनं आपला छोटा आरसा आणून काचेला बाहेरून टेकवला. आपलंच प्रतिबिंब बघून मुकादम वेडापिसा झाला, त्याच्याशीच भांडत बसला. "बघ, स्वतःशी भांडणारा दुसऱ्याच्या वाटेला जात नाही," असं म्हणून ताई हसली. पण आरसा किती वेळ धरणार? हात भरून आले. आरसा खाली आल्यावर मुकादम क्षणभर गोंधळला, आणि मग दुप्पट जोरानं जावयाच्या मागे लागला.

जावयाची शेपटी झालर फाटावी तशी फाटली. तो वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे पाण्याला नाक लावून उभा राहिला. कल्ले भराभर उघडत मिटत होते. समोरून दाणा गेला तरी तोंड उघडत नव्हता. ताई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायची. स्वतःचं ताट तिनं तसंच सरकवून ठेवलेलं असायचं.

"ताई, तू तरी जेव."

"जावयाला उपाशी ठेवून मी जेवू?" ताई म्हणाली. ही थट्टा होती, पण आवाज थट्टेचा नव्हता.

त्याच संध्याकाळी दिरांचा फोन आला. तो अधूनमधून यायचाच. वहिनी, घर तुमचंच आहे, हिचे गुडघे फार दुखतात, कधी येताय? ताई दर वेळी "बघू" म्हणायची. त्या दिवशी टँककडे बघत म्हणाली, "या रविवारी. दुपारून या."

फोन ठेवल्यावर धाकटी म्हणाली, "हे काय?"

"काय म्हणजे? माहेरपण झालं, आता जायचं."

"माशावरून?"

"माशावरून नाही गं." ताईनं पदरानं काचेवरचा पाण्याचा डाग पुसला. "पण त्याला मी आणलं. मला वाटलं, एवढ्या पाण्यात आणखी एकाची सोय होईल."

"दगड हलवले होते मी. टँकवाल्यानं सांगितलं तसे."

"सगळे?"

धाकटीची नजर भोकाच्या दगडावर गेली.

"त्याचा तेवढा ठेवलास. बघत होते ना मी इथेच बसून." ताईचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मलाही तू असंच कपाट दिलंस चिमे. 'हे तुझं' म्हणालीस, आणि आत तुझ्या साड्या तशाच. माझे चार कपडे अजून बॅगेत आहेत, बघितलंयस कधी? रागावत नाहीये मी. जागा असते किंवा नसते. नसेल तर ओढूनताणून कशी होईल?"

ती उठून आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

धाकटी तिथेच उभी राहिली. मुकादम आपल्या दगडाच्या तोंडाशी येऊन तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं जे बघून तिला हसू यायचं, ते बघून आज तिला हसू आलं नाही.

रविवारी सकाळी तिनं टँकवाल्याला फोन लावला. तो झोपेत होता. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, आता एकच. निळ्याला बाहेर काढा. चार-पाच दिवस वेगळा ठेवा. दगड सगळे उलटेपालटे करा, नव्याला आत स्थिर होऊ द्या, आणि मग निळ्याला शेवटी सोडा. म्हणजे तिथे नवखा निळाच ठरेल. पण पकडणं सोपं नाही हां. जाळीनं येणार नाही. पाणी उपसावं लागेल."

"आणि एवढं करूनही नाही जमलं तर?"

"मग दोघांतला एक मला आणून द्या."

ताई अंघोळ करून, जायची साडी नेसून बाहेर आली तेव्हा खोलीभर बादल्या मांडलेल्या होत्या. धाकटी नळीनं पाणी उपसत होती. जावई एका भोकाभोकांच्या डब्यात घालून बादलीत ठेवलेला होता.

"आज कशाला हे?" ताई म्हणाली.

"तू बोलू नकोस. ही नळी धर."

ताईनं साडी खोचली आणि नळी धरली. पाणी उतरत गेलं, दगडांची डोकी उघडी पडली, मिठाचा ओला वास खोलीत भरला. मुकादम इकडून तिकडे धावत होता, आणि पाणी अगदी कमी झालं तेव्हा जिथे जायचा तिथेच गेला. भोकाच्या दगडात. धाकटीनं दोन्ही हात घालून तो दगडच उचलला आणि बादलीवर धरला. पाणी निथळलं. आतून काहीच पडलं नाही. तिनं दगड हलवला.

"पडला असेल का परत टँकात?" ताईनं विचारलं.

"नाही. आत आहे. मला कळतंय, फडफडतोय."

तिनं दगड उपडा केला, आणि मुकादम पट्कन बादलीत पडला. पडता पडता तिच्या करंगळीला चावून गेला.

"आता हे दगड तू मांड," धाकटी ताईला म्हणाली. "तुला हवे तसे. सगळे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मांड तू."

ताई टँकवर वाकली. कोपरापर्यंत हात आत घालून तिनं एकावर एक दगड रचले. एक कमान केली, ती ढासळली, पुन्हा केली. धाकटीला तीनदा वाटलं की सांगावं, असा नको, तसा ठेव. ती स्वतःचे हात काखेत धरून उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला. दीर खाली आले होते, गाडी कुठे लावू म्हणून विचारत होते.

"डाव्या बाजूला लावा, फाटकासमोर नको," धाकटीनं सांगितलं आणि फोन ठेवला. आता घाई झाली. पाणी परत भरायला हवं होतं, जावयाला सोडायला हवं होतं, ताई निघायच्या आत काहीतरी व्हायला हवं होतं. तिनं भरलेली बादली उचलली आणि टँकच्या काठाशी आणली. ताईचे हात आतच होते, कमानीचा वरचा दगड सांभाळत.

"चिमे, काहीतरी करपतंय."

"गॅस बंद आहे."

"गॅस नाही. इथेच वास येतोय." ताईनं मान फिरवली. टँकच्या मागच्या बाजूला, पाण्याबाहेर उघडा पडलेला हीटर उभा होता. त्याच्या काचेवर मिठाचा पांढरा थर भाजून तपकिरी झाला होता. "ओतू नकोस! ओतू नकोस म्हणते ना!"

बादली कललेली होती. धाकटीचा पाय फरशीवर इतक्या जोरात दाबला गेला की टाचेतून कळ आली. पाणी बादलीच्या काठाशी येऊन परत मागे गेलं.

पंप तिनं बंद केला होता. हीटरचं बटण राहिलं होतं. तापलेल्या काचेवर पाणी पडलं असतं तर काच फुटली असती, आत वीज, खाली खारं पाणी, आणि त्या पाण्यात ताईचे दोन्ही हात. दुसऱ्यांच्या चुका आधी ओळखायच्या म्हणून तिला पगार मिळायचा.

तिनं बादली खाली ठेवली, प्लग उपटला, आणि खुर्चीवर बसली.

ताईनं सावकाश हात बाहेर काढले, साडीला पुसले. मग धाकटीच्याच सुरात, समोर भिंतीकडे बघत म्हणाली, "हं. आता सांगा, काय झालं?"

धाकटीला हसू आलं आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. "ताई, जाऊ नकोस," ती म्हणाली.

ताईनं उघड्या हीटरकडे बघितलं. मग म्हणाली, "तो हीटर आधी गार होऊ दे. मग पाणी ओत. सावकाश."

दीर वर आले तेव्हा दोघी बहिणी ओल्या साड्यांनी टँकसमोर बसलेल्या होत्या. दाराशी ताईची बॅग होती. दिरांनी बादल्यांमधून वाट काढली आणि उरलेल्या एकमेव कोरड्या खुर्चीवर बसले.

"वहिनी, निघायचं ना? गाडी उन्हात आहे."

"बसा भाऊजी. जावई अजून जेवला नाही."

"कोण जावई?" दिरांनी दचकून आतल्या खोलीकडे बघितलं.

पाणी भरून झालं होतं, पंप चालू झाला होता. जावई डब्यातून बाहेर येऊन नव्या कमानीखाली उभा होता. ताईनं चिमूटभर दाणे सोडले. ते त्याच्या तोंडासमोरून खाली गेले. तिनं पुन्हा सोडले. दीर घड्याळ बघत होते. धाकटीची नजर माशावर नव्हती, ती बॅगेकडे बघत होती.

जावई एक वीतभर पुढे आला. थांबला. एक दाणा तोंडात घेतला, थुंकला. मग तोच पुन्हा घेतला, आणि तो गिळला.

ताईनं श्वास सोडला तो दिरांनाही ऐकू आला. "छान छान," ते म्हणाले. "मग निघू या?"

ताईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं बादलीकडे बोट केलं, जिच्यात मुकादम कडांना धडका देत होता. "हा परत कधी सोडायचा?"

"चार-पाच दिवसांनी," धाकटी म्हणाली.

"आणि तेव्हा पुन्हा मारायला उठला तर?"

धाकटीनं करंगळीवरची लाल खूण दुसऱ्या हातानं चोळली. "तर तो टँकवाल्याकडे जाईल. तुझा नाही."

"तुझ्याकडे किती वर्षं आहे तो."

"माहीत आहे मला."

ताई उठली. पदर नीट केला. "भाऊजी, चहा टाकते, तो घ्या. आणि जाऊबाईंना सांगा, गुडघ्यांना मसाज करायला एक बाई ठेवा. चांगल्या मिळतात. चार दिवस माझं इथे काम आहे."

"आणि मग? चार दिवसांनी?"

"मग बघू," ताई म्हणाली, पण हा "बघू" फोनवरच्यासारखा नव्हता, आणि दिरांनाही तो कळला असावा. चहा त्यांनी दोन घोटांत संपवला.

मुकादमाला सोडायच्या दिवशी धाकटीनं दुपारनंतरच्या शिकाऊ बायकांना सुट्टी दिली. भोकाचा दगड तिनं बाहेरच वाळत ठेवला होता. जाळी हातात घेऊन ती टँकसमोर बसली. ताईनं मुकादमाला बादलीतून डब्यात घेतलं आणि डबा पाण्यात कलता केला.

मुकादम बाहेर आला आणि डावीकडे गेला. तिथे काही नव्हतं. तो परत आला, काचेला लागून एक फेरी मारली, कमानीजवळ थबकला. कमानीत जावई होता.

मुकादम झेपावला. धाकटीची जाळी पाण्यात गेली. तोच ताईनं तिचं मनगट धरलं.

"जरा बघू दे."

"फाडेल तो त्याला."

"बघू दे म्हणते ना."

जावई हलला नाही. अंग आडवं करून, कल्ले फुगवून तो कमानीच्या तोंडाशी उभा राहिला. मुकादम त्याच्यापासून बोटभर अंतरावर थांबला. दोघं तसेच, पाण्यात लटकल्यासारखे. मग मुकादमानं शेपटी झाडली, वळला, आणि उजव्या कोपऱ्यातल्या दोन दगडांच्या फटीत शिरला. थोड्या वेळानं बाहेर येऊन पुन्हा धावला. या वेळी अर्ध्या वाटेतूनच परतला. पुन्हा धावला, पुन्हा तिथूनच परतला.

"ठरवतोय," ताई हळूच म्हणाली. "कुठवर यायचं ते."

"उद्या पुन्हा बिनसू शकतं," धाकटी म्हणाली. "टँकवाला म्हणाला, आठवडाभर खरं नसतं."

"मग आठवडाभर बघू."

मनगट ताईनं अजून सोडलं नव्हतं. जाळी पाण्यातच होती. टँकचा लाइट बंद करायची वेळ होऊन गेली होती, पण दोघींपैकी कुणीच उठलं नाही.